वैशाखाचं पाणी भाद्रपदात धरा

मुरुडच्या कुठल्याही वाडीत छपराचं पाणी साठवायची गोष्ट काढा, उत्तर ठरलेलं आहे: ‘एवढ्याशा टाकीने वाडी भिजते का?’ हे उत्तर देणारी माणसं अडाणी नाहीत. त्यांची हयात पोफळींखाली गेली आहे, पाण्याचं मोल त्यांना कुणी शिकवायला नको. अलीकडे त्यांच्या जोडीला शिकले-सवरलेले लोकही आले आहेत. त्यांचं म्हणणं असं की छपराचं पाणी साठवणं हा शहरातल्या सोसायट्यांचा विषय, फार तर माण-खटावसारख्या कोरड्या मुलखाचा. जिथे चार महिने आभाळ फाटल्यासारखं कोसळतं, तिथे टाकीत पैसे घालणं ही हौस झाली. हे मत मला मान्य नाही. ते चुकीचं आहेच, शिवाय या किनाऱ्याचं नुकसान करणारं आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं.

मी बोलतो आहे ते दापोली तालुक्यातल्या मुरुडबद्दल. जंजिऱ्याजवळचं मुरुड वेगळं. धोंडो केशव (अण्णासाहेब) कर्वे ज्या गावात वाढले आणि रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक ज्या गावचे, ते हे मुरुड. रस्त्याच्या दुतर्फा घरं, घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, एका अंगाला पुळण आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला जांभ्याचा डोंगर. पावसाळ्यात डोंगरावरून पाणी धावत येतं आणि पुळणीतून समुद्राला मिळतं. मधल्या चिंचोळ्या पट्टीत माणसं, गुरं, झाडं आणि आता पर्यटक, सगळे राहतात. पाण्याचा इथला प्रश्न समजून घ्यायचा तर ही चिंचोळी पट्टी डोळ्यांपुढून हलू देता कामा नये.

आधी विरोधकांचा हिशेब त्यांच्याच बाजूने पुरता मांडतो, कारण तो खोटा नाही. घर, पडवी आणि गोठा धरून छपराखालची जमीन १२० चौरस मीटर भरते असं समजू. पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच धरू. दापोली परिसरात तो सहसा याहून जास्तच पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे छपरावर ३,६०,००० लिटर पडलं. उडून, सांडून, झिरपून जाईल ते वजा केलं तरी तीन लाख लिटरच्या आसपास हाती लागेल. आता वाडीकडे बघा. २५ नारळ आणि २०० पोफळी असलेली वाडी मोठी म्हणता येत नाही. ठिबकवर नारळाला दिवसाला ४० लिटर आणि पोफळीला १५ लिटर धरले तरी रोजचे ४,००० लिटर झाले. ऑक्टोबरच्या मध्यापासून मृगापर्यंत सुमारे २३० दिवस. गुणाकार नऊ लाखांच्या पुढे जातो. छपराचा थेंब न् थेंब धरला तरी वाडीची तहान तिसऱ्या हिश्शानेच भागेल, आणि तीन लाख लिटरची टाकी बांधायची तर घरापेक्षा टाकीलाच जास्त जागा लागेल. इथे विरोधक हात झटकून मोकळे होतात.

गुणाकार बरोबर आहे. चुकलंय ते त्याच्या आधीचं गृहीतक. छपराच्या पाण्याने सगळी वाडी, सगळे आठ महिने भिजवायची असं सांगितलं कुणी? मुरुडच्या विहिरी दिवाळीत आटत नाहीत. पौषातही त्यांना पाणी असतं. माघ सरता सरता पातळी पायऱ्या मोजत खाली जाऊ लागते, शिमग्यानंतर पंप लवकर दम सोडायला लागतो, आणि खरी ओढाताण होते ती चैत्र-वैशाखात. वर्षाचे हे साठेक दिवस नडतात. त्या साठ दिवसांतही विहीर कोरडी ठाक पडत नाही. पाणी अर्ध्यावर येतं, उपसायला वेळ लागतो आणि काही ठिकाणी त्याला मचूळ चव येते. म्हणजे भरून काढायची आहे ती साठ दिवसांची तूट, आणि तीही सगळ्या झाडांची नव्हे. चाळीस वर्षांचा नारळ दोन महिने कमी पाण्यावर तग धरतो. उत्पन्न घटेल, पण झाड मरणार नाही. दोन वर्षांचं पोफळीचं रोप आठवडाभर तहानलेलं राहिलं तर पुन्हा उभं राहत नाही.

म्हणून हिशेब असा करू. नव्याने लावलेली ४० रोपं, आळ्यात पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घालून दिवसाला पाच लिटर प्रत्येकी: साठ दिवसांचे १२,००० लिटर. घराच्या मागची परसबाग, म्हणजे अळू, मिरच्या, चार वांगी, दाराशी अबोली नि तुळस आणि मिरीचे वेल, या सगळ्याला दिवसाला १०० लिटर: ६,००० लिटर. एकूण १८,०००. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल अशी चिऱ्याची टाकी बरोबर एवढी भरते. गोठ्याच्या मागे किंवा पाठच्या पडवीला लागून तेवढी जागा बहुतेक घरांना आहे. आणि ही टाकी भरायला त्या छपरावर जेमतेम १९० मिलिमीटर पाऊस पडावा लागतो. आषाढात असा पाऊस दोन-तीन दिवसांत पडून जातो. कोकणात टाकीचं माप पावसावरून काढायला गेलं की माणूस घाबरतो आणि काहीच बांधत नाही. ते टंचाईवरून काढलं की टाकी आटोक्यात येते.

यातच आणखी एक सोय आहे, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. देशावर छपराचं पाणी धरणाऱ्याला पहिल्या सरीपासून जपावं लागतं, कारण पुढची सर येईल न येईल. आपल्याकडे घाई करायचं कारणच नाही. जून-जुलैचा पाऊस छप्पर धुवायला सोडून द्या. कौलांवरचं शेवाळ, पक्ष्यांची घाण, फणसाचा नि आंब्याचा पाला, उन्हाळ्याची धूळ, सगळं समुद्राला जाऊ दे. टाकी स्वच्छ घासून घ्या, आतून चुना मारा, आणि नळीचं तोंड टाकीकडे वळवा ते श्रावण सरल्यावर. सप्टेंबर महिन्यात या किनाऱ्यावर सरासरीने ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. आपल्या १२० चौरस मीटरच्या छपरावरून त्यातलं पंचवीस-तीस हजार लिटर पाणी उतरतं, म्हणजे टाकी एकदा भरून वर उरेल इतकं, आणि तेही धुतल्या छपरावरचं. जे पाणी वैशाखात लागणार, ते भाद्रपदात धरायचं. आधी धरलेलं पाणी चार महिने उगाच राखत बसावं लागतं.

आता विहिरीबद्दल. ‘विहीर आहे की’ हे दुसरं ठरलेलं उत्तर. ते ऐकलं की वाटतं, बोलणाऱ्याने किनाऱ्याच्या विहिरीचा स्वभावच लक्षात घेतलेला नाही. मुरुडच्या पुळणीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. खारं पाणी थोडं जड, म्हणून गोडं वर राहतं. डच गायबेन आणि जर्मन हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या सांध्यावर हा नियम मांडला: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून जितकी वर, त्याच्या सुमारे ४० पट खोलीपर्यंत खाली गोडं पाणी. उलट बाजूने वाचलं की नियम भीतिदायक होतो. वरची पातळी एक फूट उतरली, तर सिद्धांताप्रमाणे खालचं खारं पाणी कालांतराने ४० फूट वर सरकायला मोकळं होतं. प्रत्यक्षात जमिनीचे थर, कातळ आणि वेळ यांमुळे ते इतकं सरळ घडत नाही. दिशा मात्र तीच.

जुन्या वाडीत रहाट होता. रेडा गोल फिरायचा, माळेतली मडकी भरून वर यायची, डोणीत उपडी व्हायची, डोणीतून पाटात आणि पाटातून आळ्यात. काही घरी पायरहाट होते, ते माणूस पायाने चालवायचा. या व्यवस्थेत एक मर्यादा आपोआप होती: जनावर दमतं, माणूस दमतो, तेवढ्यात विहीर पाझरून घेते. पंप दमत नाही. रहाटाला सकाळभर लागायचं तेवढं पाणी तो थोड्या वेळात ओढतो, आणि विहिरीच्या तळाला जो खड्डा पडतो तो भरायला खालून काय येईल हे कुणाच्या हातात राहत नाही. पंप काढून पुन्हा रेडा बांधा असं मी म्हणत नाही. पण पंपाला विश्रांती द्यायची असेल तर साठ दिवसांत त्याच्यावरचा काही भार दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवा. टाकीतला प्रत्येक लिटर हा ऐन वैशाखात विहिरीतून न उपसलेला लिटर आहे. वाडीच्या एकूण पाण्यात तो दोन टक्के भरेल. पण ज्या दिवशी विहीर खाऱ्याच्या काठावर आली असते, त्या दिवसाचे ते दोन टक्के असतात, आणि मोजायचं ते त्या दिवशी.

मे महिन्यात पोफळीच्या झावळीचं टोक निरखून बघावं. पाणी नुसतं कमी पडलं तर पात मलूल होते, उन्हात दुमडते आणि रात्री थोडी सावरते. पाण्यात खार उतरला तर पातीची कड टोकाकडून तपकिरी होत आत सरकते, करपल्यासारखी, आणि पाणी वाढवलं तरी ती कड पुन्हा हिरवी होत नाही. नारळ खाऱ्या वाऱ्याचं आणि खाऱ्या पाण्याचं पुष्कळ सोसतो. पोफळ सोसत नाही, जायफळ तर त्याहून नाजूक. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने नारळात जायफळ, दालचिनी, मिरी घेण्याची जी ‘लाखी बाग’ लोकांपुढे ठेवली, तिचा सगळा भरवसा गोड्या पाण्यावर आहे. मसाल्याची झाडं लावायची आणि त्यांना मे महिन्यात मचूळ पाणी पाजायचं, हा व्यवहार तोट्याचाच.

यावर एक शहाणा आक्षेप येतो: मग छपराचं पाणी विहिरीतच सोडा, टाकी कशाला? विहीर पुनर्भरण हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. देशावर, जिथे पाऊस ५००-६०० मिलिमीटर आणि भर पावसाळ्यातही विहीर अर्धी रिकामी, तिथे हा उपाय मोलाचा आहे. आमच्याकडे श्रावणात विहिरी काठोकाठ असतात, वाकून तांब्या बुडवावा इतक्या. भरलेल्या विहिरीत ओतलेलं पाणी राहणार कुठे? वरची जमीन पुळणीची, मागचा डोंगर सच्छिद्र जांभ्याचा. जांभा पाणी पितो लवकर आणि सोडतोही लवकर. पावसाळा संपला की त्यातलं पाणी झऱ्यांवाटे, पऱ्ह्यांवाटे, पुळणीखालून समुद्राकडे निघून जातं. जमिनीत मुरवलेलं पाणी वैशाखापर्यंत आपल्यासाठी थांबेल याची हमी या जमिनीत नाही. टाकीत धरलेलं पाणी थांबतं. टाकी भरून वाहू लागली की उरलेलं पाणी गाळून जमिनीत जिरवा, त्याला कुणाची ना नाही. क्रम मात्र आधी टाकी, मग जमीन असा हवा. पुण्या-मुंबईच्या पुस्तिकांतला उलटा क्रम इथे आणून चिकटवू नये.

‘आता घरोघर नळ आला’ हे तिसरं उत्तर. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं आणि त्याचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. त्यात पिणं, स्वयंपाक, आंघोळ, कपडे, भांडी. त्या मापात झाड कुठेच नाही, आणि नसायलाच हवं. सार्वजनिक योजनेचं शुद्ध केलेलं पाणी आळ्यात ओतणं हा शेजाऱ्याच्या हंड्यावर घातलेला हात आहे. रत्नागिरी जिल्ह्यात दर उन्हाळ्यात डोंगरावरच्या धनगरवाड्यांना आणि वाड्या-वस्त्यांना टँकर जातात. खाली किनाऱ्यावर आपण नळाला पाइप जोडून गुलाब भिजवत असू, तर तो प्रश्न बागेपुरता उरत नाही. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी केळीला, अळवाला, दारच्या नारळाला जातं, ही जुनी रीत उत्तम आहे आणि ती चालूच राहावी. पण साबणाचं पाणी रोपांना आणि पालेभाजीला चालत नाही.

निसर्ग चक्रीवादळानंतर हा विषय पुढे ढकलण्याचा हक्क आपण गमावला आहे, असं मी स्पष्ट म्हणतो. ३ जून २०२० ला ते वादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आलं. दक्षिणेला मंडणगड-दापोलीच्या किनाऱ्यावर केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड या पट्ट्यातल्या पोफळी ओळीच्या ओळी मोडल्या, नारळ मुळासकट आडवे झाले, घरांची कौलं आणि पत्रे उडाले. वीज कित्येक दिवस नव्हती. आतल्या गावांत तर आठवडे गेले. आजोबांनी लावलेली वाडी एका दुपारी नाहीशी झाली आणि नातवाने त्याच जागी पुन्हा रोपं घातली. पोफळ लागती व्हायला सहा-सात वर्षं लागतात. त्यातले पहिले दोन-तीन उन्हाळे जीवघेणे, कारण वर मोठ्या झाडांची सावली उरलेली नाही आणि रोपाची मुळं वीतभर खोल. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्यासमोरून गेलं. एकदा उभी केलेली वाडी पुन्हा उभी करावी लागेल ही शक्यता आता दर पिढीने धरून चालायची आहे, आणि वादळानंतर पहिली गोष्ट जाते ती वीज. वीज गेली की पंप गेला. छपराखालच्या टाकीला वीज लागत नाही. टाकी जमिनीच्या वर बांधली आणि तळाशी तोटी बसवली की पाणी आपल्या उताराने आळ्यात जातं.

याच वादळाने आणखी एक गोष्ट घडवली. उडालेल्या कौलांच्या जागी पुष्कळ घरांवर रंगीत पत्रे आले. कौलांची घरं गेली याचं दुःख मलाही आहे. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवत नाही, पावसात बोललेलं ऐकू येत नाही. पण पाणी धरायला पत्र्यासारखं छप्पर नाही. कौल थोडं पाणी पितं, खाचांत पाला अडकतो. पत्र्यावरून सर पडताच पाणी खाली येतं. ज्याने नाइलाजाने पत्रे घातले त्याच्या हाती नकळत एक चांगलं पाणलोट क्षेत्र आलं आहे. त्याला फक्त पन्हळ लावायची बाकी आहे.

पन्हळ ही काही नवी वस्तू नाही. पोफळीचं जून खोड उभं चिरायचं, आतला मऊ गाभा तासून काढायचा, वळचणीखाली काथ्याने बांधायचं, की पागोळ्या तिच्यात. सतत भिजून ती दोन-चार पावसाळ्यांत कुजते, मग दुसरी. वाडीचा पाट ओलांडायलाही हीच पन्हळ. आज पीव्हीसीची अर्धगोल पन्हळ मिळते, ती टिकते. पण बसवताना लोक दोन चुका करतात. एक, तिला उतार देत नाहीत. दर मीटरला बोटभर उतार हवाच, नाहीतर मधे पाणी तुंबून पन्हळ वजनाने वाकते. दुसरी, ती पत्र्याच्या कडेला अगदी चिकटवतात. कोकणातला पाऊस सरळ पडत नाही. नैऋत्येचा वारा असला की पागोळी हातभर पुढे उडी मारते आणि सगळं पाणी पन्हळीच्या बाहेर पडतं. वळचणीखाली अंगणात पागोळ्यांनी पाडलेली खळ्यांची रांग असते ना, ती बघा. पाणी खरोखर कुठे पडतं ते ती रांग दाखवते. पन्हळीचा बाहेरचा काठ त्या रांगेच्या पुढे असला पाहिजे.

‘परवडत नाही’ या आक्षेपाकडे तुच्छतेने बघणं मला जमणार नाही. चिऱ्याची टाकी बांधायची तर चिरे, गवंडी, सिमेंट, आतलं गिलाव्याचं काम, सगळ्याला पैसे लागतात, आणि वादळाने आधीच घराघराचं कंबरडं मोडलं आहे. पण टाकी हा एकच मार्ग नाही. मुरुडपासून तासाभराच्याही आत असलेल्या दापोलीत १९७२ पासून कोकण कृषी विद्यापीठ आहे. त्यांनी शिफारस केलेलं जलकुंड म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा, त्याला सिलपॉलिनचं अस्तर, भोवती बांध. सड्यावर आंबा-काजूची कलमं लावणाऱ्यांसाठी ते सुचवलं गेलं. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून डोंगरावर कलमं लागली, आणि ज्यांना पाणी वाहून न्यावं लागलं त्यांना ठाऊक आहे की डोक्यावरच्या हंड्याने कलम जगवणं म्हणजे काय. जलकुंड प्लास्टिकच्या तयार टाकीपेक्षा लिटरमागे कितीतरी स्वस्त पडतं. समुद्राच्या पुळणीत ते खणता येणार नाही हे खरं. वाळूचे काठ ढासळतात आणि थोडं खाली गेलं की पाणीच लागतं. पण गावाच्या डोंगराकडच्या अंगाला घर असेल तर छपराची नळी जलकुंडात सोडायला काही अडचण नाही.

जलकुंडाची खोड मात्र लपवू नये. उघड्या पाण्यातून इथल्या कोरड्या दिवसांत रोज चार-पाच मिलिमीटर उडून जातं. आठ महिन्यांत ते मीटरभर होतं. दीड मीटर खोल कुंड उघडं ठेवलं तर वैशाखात तळाशी चिखल उरेल आणि विरोधक म्हणतील, बघा, सांगितलं नव्हतं? म्हणून कुंड पसरट नको, खोल हवं, आणि वर मांडव हवा. बांबूच्या आडव्यांवर विणलेले झाप टाकले तरी काम भागतं. झावळ्यांना आपल्याकडे तोटा नाही. ज्यांची कुंडं फसली त्यांपैकी पुष्कळांचं वरचं छप्पर राहून गेलं होतं, आणि दोष पद्धतीला लागला.

डासांचा मुद्दा मी अजिबात उडवून लावणार नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. झाकण नसलेली टाकी म्हणजे शेजारणीच्या पोराला आपण दिलेला ताप. झाकण घट्ट, हवेच्या आणि वाहून जाण्याच्या नळीला बारीक जाळी, उघड्या कुंडात गप्पी मासे. एवढं करायचं नसेल त्याने टाकी बांधू नये. आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्यावरून आलेलं पाणी झाडालाच घालावं, पिऊ नये.

जगाकडे बघायचं तर अटलांटिक महासागरातलं बर्म्युडा बेट आहे. तिथे नदी नाही. घराच्या छपरावरून पाणी घेऊन घराखालच्या टाकीत साठवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तिथला पाऊस वर्षाला साधारण १,४०० मिलिमीटर, आपल्या निम्म्याहून कमी. मिझोरममध्ये ऐझॉलच्या डोंगरउतारावर पत्र्याच्या छपरांना पन्हळी आणि खाली टाक्या, हे पिढ्यांचं चित्र आहे. आणि इतकं लांब जायचंही कारण नाही. मुंबईजवळच्या कान्हेरीत बहुतेक लेण्यांजवळ पाण्याचं टाकं आहे आणि वरच्या कातळात पाणी आणणाऱ्या पन्हळी खोदलेल्या आहेत. भिक्षूंना धो धो पावसाच्या डोंगरावर राहूनही साठवणीची गरज कळली होती. हर्णैच्या समोर, चहूबाजूंनी खारं पाणी असलेल्या सुवर्णदुर्गावर गोड्या पाण्याची सोय करूनच शिबंदी ठेवली गेली. पाऊस भरपूर असलेल्या मुलखात पाणी साठवायचं नसतं, हा समज या किनाऱ्याच्या पूर्वजांचा नाही. तो विजेचा पंप आल्यानंतरचा आहे.

शेवटी ज्यांच्याबद्दल बोलायला गाव कचरतं, त्यांच्याबद्दल. मुरुडचा किनारा आता पर्यटकांचा झाला आहे. घरगुती खोल्या, लॉज, रिसॉर्ट, सगळं आलं. त्यातून घरांना पैसा मिळतो, मुलं मुंबईला न जाता गावात राहतात, आणि मला हे मनापासून चांगलं वाटतं. पण गर्दीचा काळ कोणता? शाळांच्या सुट्ट्यांचा, म्हणजे एप्रिल-मे. विहिरीला पाणी सर्वांत कमी असतं, नेमक्या त्याच दिवसांत माणसं सर्वांत जास्त असतात. त्यांना पाणी द्यायलाच हवं. पाहुण्याला आंघोळीचं पाणी मोजून देणं आपल्या रीतीत बसत नाही. मात्र त्याच दिवसांत हिरवळीवर फवारा फिरत असतो, तो विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर. समुद्राजवळ खोल बोअर मारून तिच्यातून दिवसभर उपसा करणं म्हणजे स्वतःच्या जमिनीखालीच नव्हे, शेजाऱ्याच्या वाडीखालीही खारं पाणी बोलावणं. खालचं पाणी गडग्याने अडत नाही.

या इमारतींची छपरं गावात सर्वांत मोठी आहेत. ५०० चौरस मीटरच्या छपरावरून एकट्या सप्टेंबरात लाखभर लिटर उतरतं. वीस खोल्या बांधायला पैसा लावणाऱ्याला एक टाकी परवडत नाही, हे मी ऐकून घेणार नाही. माझी मागणी ग्रामपंचायतीकडे आहे. नव्या व्यावसायिक बांधकामाला ना-हरकत दाखला देताना बागेसाठी छपराच्या पाण्याची टाकी नकाशात दाखवलेली असावी. मार्च ते जून या काळात हिरवळीला आणि शोभेच्या झाडांना विहीर, बोअर किंवा नळाचं पाणी घालू नये असा ठराव ग्रामसभेने करावा. जुन्या इमारतींना दोन पावसाळ्यांची मुदत द्यावी. अण्णासाहेब कर्व्यांनी गावाच्या कामांसाठी ‘मुरुड फंड’ उभा केला होता, थोड्या थोड्या वर्गणीचा. तशीच एखादी सोय करून पर्यटनाच्या उत्पन्नातून गरीब घरांना पन्हळी आणि जलकुंडाचं अस्तर द्यावं. ज्यांची छपरं लहान आणि रोपं नवी, त्यांचा क्रम पहिला.

पत्रे शाकारायला, कौलं चाळायला माणूस मेमध्ये येतोच. तो शिडीवर चढलेला असतानाच पन्हळीचे आकडे ठोकून घ्यावेत, म्हणजे वेगळी मजुरी पडत नाही. टाकीचं काम पाऊस थांबल्यावर काढलं तर ते वर्ष हुकतं. चिरे आत्ता उतरवून घ्या, गिलावा मृगाच्या आधी सुकू द्या. जून-जुलैत नळीचं तोंड बाहेर असू दे, आणि श्रावण सरला की ते टाकीकडे वळवा.